होलीरूडची संसद नावापुरती आहे काय? एका फिरत्या मजकुराला उत्तर

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींच्या गटांतून आणि तिथून इकडच्या नातेवाइकांच्या फोनवर एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: एडिंबरामधील होलीरूड येथे भरणारी स्कॉटलंडची संसद नावापुरती आहे, खरे कायदे लंडनला होतात आणि ही म्हणजे रस्ते-कचरा पाहणारी मोठी महानगरपालिका आहे; सभागृह एकच असल्यामुळे सरकार आणील ते विधेयक एका दुपारी मंजूर होते; विरोधकांना तिथे काही करता येत नाही; सामान्य माणसाला तर दारही उघडे नाही; आणि लंडनच्या मनात आले तर ही संसद उद्या सकाळी बंद पडू शकते. ही पाच विधाने झाली. त्यांतले पहिले साफ चुकीचे आहे आणि शेवटच्यात तथ्याचा अंश सर्वांत जास्त आहे, म्हणून त्याच क्रमाने जावे हे बरे.

महानगरपालिकेची उपमा मजकूर लिहिणाऱ्याला आज सुचली असे नाही. १९९७च्या निवडणुकीच्या प्रचारात खुद्द लेबर पक्षाचे नेते टोनी ब्लेअर यांनी नियोजित संसदेच्या कर-अधिकाराची तुलना इंग्लंडमधल्या पॅरिश कौन्सिलशी, म्हणजे जवळजवळ ग्रामपंचायतीशी केली होती आणि त्यावर स्कॉटलंडमध्ये गदारोळ झाला होता. तरीही उपमा चुकते, आणि ती चुकते हे सिद्ध करायला फार लांब जावे लागत नाही: कचरा उचलण्याचे काम स्कॉटलंडमध्ये ३२ स्थानिक परिषदा करतात, आणि त्या परिषदा ज्या कायद्यांनी चालतात ते कायदे करण्याचा आणि बदलण्याचा अधिकार १९९९ पासून होलीरूडकडे आहे.

हा अधिकार किती मोठा आहे हे भारतीय वाचकाला आपल्या संविधानाशी ताडून पाहिले तर चटकन कळेल. आपल्या सातव्या अनुसूचीत संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन याद्या आहेत, आणि तिन्हींत न बसणारा विषय केंद्राकडे जातो. १९९८च्या स्कॉटलंड अधिनियमाची मांडणी नेमकी उलटी आहे. त्यात लंडनने स्वतःकडे राखून ठेवलेल्या विषयांची यादी आहे, म्हणजे परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, चलन, स्थलांतर आणि असे आणखी काही. जे या यादीत नाही ते सगळे एडिंबराकडे आहे, मग त्याचा उल्लेख कुठे असो वा नसो. आरोग्यसेवा, शिक्षण, पोलीस, न्यायालये, फौजदारी आणि दिवाणी कायद्याचा मोठा भाग, शेती, जमीन, गृहनिर्माण हे सर्व त्या न लिहिलेल्या भागात येते. उरलेसुरले विषय कोणाकडे, या एका कसोटीवर स्कॉटलंडची संसद महाराष्ट्राच्या विधिमंडळापेक्षा वरचढ ठरते, आणि मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना हे माहीत नसावे.

ग्लासगो किंवा अबर्डीनला नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला तर पुरावा शोधायला घराबाहेरही जावे लागत नाही. त्याने आपली पगाराची स्लिप काढून त्यावरचा टॅक्स कोड पाहावा. लंडनला राहणाऱ्या त्याच्या मित्राच्या स्लिपवर बहुधा १२५७एल असे असेल, आणि याच्या स्लिपवर त्याच आकड्यांच्या आधी एक ‘एस’ असेल. पगारावरील प्राप्तिकराचे दर आणि टप्पे होलीरूडने ठरवलेले आहेत, हे तो एस सांगतो. २०२४-२५ या वर्षासाठी तिथल्या संसदेने सहा टप्पे ठेवले आणि सर्वांत वरचा दर ४८ टक्के केला. इंग्लंडमध्ये तो ४५ टक्के होता. करमुक्त रकमेची मर्यादा मात्र लंडनच ठरवते, हेही नमूद केले पाहिजे. शोभेच्या संसदेमुळे हातात येणारा पगार बदलत नाही. सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ रोजी लागू झाली, इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ रोजी. हा सव्वा वर्षाचा फरकही दोन वेगळ्या कायदेमंडळांमुळेच पडला.

‘एका दुपारी मंजूर’ हा दुसरा मुद्दा. सभागृह एकच आहे हे खरे, आणि दुसरे सभागृह नको हे ठरवूनच ही संसद बांधली गेली. पण वरच्या सभागृहाचे काम कोणीच करत नाही असा याचा अर्थ नाही. ते काम समित्यांकडे दिलेले आहे. सरकारी विधेयक मांडताना त्यासोबत स्पष्टीकरणात्मक टिपा, धोरणाचे निवेदन आणि खर्चाचे निवेदन जोडावे लागते. विषय संसदेच्या अधिकारकक्षेत आहे की नाही यावर मंत्री आणि पीठासीन अधिकारी या दोघांना स्वतंत्रपणे मत नोंदवावे लागते. मग विधेयक तीन टप्प्यांतून जाते. पहिल्या टप्प्यात संबंधित समिती लेखी म्हणणे मागवते, तज्ज्ञांना, संघटनांना आणि शेवटी मंत्र्यांना समोर बसवून प्रश्न विचारते आणि विधेयकाच्या मूळ तत्त्वांवर अहवाल देते, त्यावर पूर्ण सभागृहात मतदान होते. दुसऱ्या टप्प्यात कलमवार दुरुस्त्या होतात, त्याही बहुधा समितीतच. तिसऱ्या टप्प्यात सभागृह पुन्हा दुरुस्त्या घेते आणि अंतिम मतदान करते. हे सगळे व्हायला अनेक महिने लागतात. आपल्याकडे एखादे विधेयक संयुक्त समितीकडे पाठवले की त्याची बातमी होते. तिथे समितीकडे न पाठवता पुढे नेले तर बातमी होईल.

तशी बातमी झालीही आहे, आणि ती सांगितली नाही तर हा प्रतिवाद अप्रामाणिक ठरेल. तातडीच्या विधेयकांसाठी नियमांत वेगळी वाट आहे आणि त्या वाटेने तिन्ही टप्पे एका दिवसात उरकता येतात. कोरोनाकाळातील पहिले विधेयक ३१ मार्च २०२० रोजी मांडले गेले आणि १ एप्रिलला मंजूर झाले. मजकूर लिहिणाऱ्याने या अपवादालाच नियम मानले असावे. याउलट दारूच्या किमान किमतीचा २०१२चा कायदा पाहा. संसदेने त्यातच लिहून ठेवले की अंमल सुरू झाल्यापासून पाच वर्षांनी परिणामांचा अहवाल द्यावा आणि संसदेने पुन्हा मान्यता दिली नाही तर सहा वर्षांनी ही तरतूद आपोआप संपावी. उत्पादकांनी तो न्यायालयात खेचल्यामुळे तो प्रत्यक्ष लागू व्हायला १ मे २०१८ उजाडले, आणि २०२४ मध्ये मंत्र्यांना अहवाल घेऊन पुन्हा सभागृहापुढे उभे राहावे लागले. तेव्हा मान्यता मिळाली. कायदा करतानाच त्याची मुदत ठरवून ठेवण्याची ही पद्धत आपल्याकडेही आणावी असे मला वाटते, पण तो विषय वेगळा.

आता विरोधकांविषयी. १२९ सदस्यांपैकी ७३ मतदारसंघांतून आणि ५६ प्रादेशिक याद्यांमधून निवडून येतात. यादीतल्या जागा मतांच्या प्रमाणाशी मेळ घालण्यासाठी असल्यामुळे एका पक्षाला एकट्याने बहुमत मिळणे अवघड जाते. १९९९ ते २०२१ या काळातल्या सहा निवडणुकांत ते फक्त एकदा, २०११ मध्ये, मिळाले. अल्पमतातल्या सरकारला काय सोसावे लागते ते २८ जानेवारी २००९ या दिवसाने दाखवले. सत्ताधारी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे ४७ सदस्य, त्यांच्या बाजूला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे १६ आणि एक अपक्ष, अशी अर्थसंकल्पाच्या बाजूने ६४ मते होती. ग्रीन पक्षाच्या दोघांना घरांच्या उष्णतारोधनासाठी सरकार देत होते त्याहून मोठी तरतूद हवी होती. ती मिळत नाही असे पाहून ते लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्यासोबत गेले आणि विरोधातही ६४ मते पडली. पीठासीन अधिकारी ॲलेक्स फर्ग्युसन यांनी प्रथेप्रमाणे आपले निर्णायक मत ‘आहे तसे राहू द्या’ या बाजूने, म्हणजे विधेयकाच्या विरोधात दिले. संपूर्ण स्कॉटलंडचा वर्षाचा खर्च एका मताने पडला. पुढच्या आठवड्यात, ४ फेब्रुवारीला, सरकारने लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्याशी वाटाघाटी करून तोच अर्थसंकल्प पुन्हा आणला आणि तो १२३ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाला. विरोधात राहिलेले दोघे ग्रीन पक्षाचेच होते. सात दिवसांत सरकारला कोणाकोणाशी बोलावे लागले असेल याची कल्पना वाचकानेच करावी.

दुसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते, कारण त्यात या संसदेची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही दिसतात. २०११च्या डिसेंबरात बहुमतातल्या सरकारने फुटबॉल सामन्यांतील आक्षेपार्ह वर्तनाविरुद्ध विधेयक मंजूर करून घेतले. एकाही विरोधी पक्षाचा त्याला पाठिंबा नव्हता, कायदेपंडितांनी त्याच्या शब्दांवर बोट ठेवले होते, तरी ते मंजूर झाले. ज्या समित्यांनी वरच्या सभागृहाचे काम करायचे त्यांतही सत्ताधाऱ्यांचेच बहुमत होते. एकसभागृही रचनेवरचा आक्षेप इथे खरा ठरतो: समितीने मान डोलावली की पुढे अडवणारे कोणी उरत नाही. पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१६च्या निवडणुकीत ते बहुमत गेले, लेबरचे जेम्स केली यांनी कायदा रद्द करणारे अशासकीय विधेयक आणले आणि १५ मार्च २०१८ रोजी ते ६२ विरुद्ध ६० मतांनी मंजूर झाले. सरकारने केलेला कायदा सरकारच्या नाकावर टिच्चून विरोधी बाकावरच्या एका सदस्याने रद्द करून घेतला. मासिक पाळीची साधने सर्वांना मोफत मिळण्याचा कायदाही मंत्र्याने आणलेला नाही. तो मोनिका लेनन या विरोधी सदस्येने आणला. सरकार सुरुवातीला नाखूश होते, आणि २४ नोव्हेंबर २०२० रोजी अंतिम मतदान झाले तेव्हा विरोधात एकही मत पडले नाही. अशासकीय विधेयके आपल्याकडे कामकाजपत्रिकेवर येतात आणि बहुतेक तिथेच राहतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

समाजमाध्यमांवर ज्याच्या चित्रफिती फिरतात तो गुरुवारी दुपारी बारा वाजता होणारा फर्स्ट मिनिस्टरांचा, म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखांचा, प्रश्नोत्तरांचा तास मी मुद्दामच बाजूला ठेवला आहे. तिथे टाळ्या मिळतात, कागद मिळत नाहीत. कागद कसे मिळतात ते माजी फर्स्ट मिनिस्टर ॲलेक्स सॅमंड यांच्यावरील तक्रारी सरकारने कशा हाताळल्या याच्या चौकशीत दिसले. सरकारला मिळालेला कायदेशीर सल्ला समितीला द्यावा, असा ठराव संसदेने नोव्हेंबर २०२० मध्ये दोनदा मंजूर केला आणि सरकारने दोन्ही वेळा टाळाटाळ केली. २०२१च्या मार्चमध्ये, तेव्हा उप-फर्स्ट मिनिस्टर असलेल्या जॉन स्विनी यांच्यावर अविश्वास ठरावाची वेळ येते असे दिसताच ती कागदपत्रे बाहेर येऊ लागली. नुसत्या ठरावाला सरकार जुमानत नाही, खुर्चीला धक्का लागणार असे दिसले की जुमानते. याला मी संसदेचा विजय म्हणणार नाही, पण ‘काही करता येत नाही’ हेही खरे नाही.

सामान्य माणसाच्या दाराबद्दल थोडक्यात सांगता येईल. होलीरूडच्या याचिका समितीकडे याचिका द्यायला एक सही पुरते. शस्त्रक्रियेत बसवलेल्या जाळीमुळे, म्हणजे मेशमुळे, आयुष्यभराच्या वेदना वाट्याला आलेल्या स्त्रियांनी २०१४ मध्ये अशीच याचिका केली आणि समितीपुढे येऊन आपली कहाणी सांगितली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी या शस्त्रक्रिया थांबवण्याची विनंती रुग्णालयांना केली, आणि ती जाळी खासगीरीत्या काढून घेणाऱ्यांचा खर्च परत देणारा कायदा २०२२ मध्ये झाला. आठ वर्षे हा काळ मोठा आहे, हे मान्य. शिवाय स्कॉटलंडमध्ये कायदेशीरपणे राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून या संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो, आणि मतदानाचे वय तिथे १६ आहे. मजकूर पुढे पाठवणाऱ्या कित्येकांना हा हक्क स्वतःलाच आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, लंडनने टाळे लावण्याचा. १९९८च्या अधिनियमाचे कलम २८(७) स्वच्छ सांगते की स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा ब्रिटिश संसदेचा अधिकार अबाधित आहे. २०१६ मध्ये त्याला जोड दिली गेली की होलीरूडकडे असलेल्या विषयांवर ब्रिटिश संसद ‘सर्वसाधारणपणे’ होलीरूडच्या संमतीशिवाय कायदा करणार नाही. या एका शब्दात सगळे आले. १५ मे २०१८ रोजी होलीरूडने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या विधेयकाला ९३ विरुद्ध ३० मतांनी संमती नाकारली, तरी लंडनने ते पुढच्याच महिन्यात मंजूर करून घेतले. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे विधेयक २०२१ मध्ये एकमताने मंजूर झाले होते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये त्यातल्या काही तरतुदी कक्षेबाहेरच्या ठरवल्या, आणि छाटलेले विधेयक २०२३च्या डिसेंबरात पुन्हा मंजूर करावे लागले. पण हे सर्व म्हणजे संसद बंद करणे नव्हे. २०१६च्या त्याच दुरुस्तीत असेही लिहिले आहे की स्कॉटलंडच्या जनतेने सार्वमताने तसा कौल दिल्याशिवाय ही संसद आणि तिचे सरकार बरखास्त करता येणार नाही. स्वतःच्या शब्दाने ब्रिटिश संसद कायमची बांधली जाते काय, यावर घटनापंडित वाद घालतात. उद्या सकाळी टाळे लागेल असे म्हणण्यासारखी स्थिती मात्र नाही.

लंडनचा खरा अंकुश टाळ्यापेक्षा बारीक आणि अधिक कामाचा आहे. होलीरूडमध्ये मंजूर झालेले विधेयक राजसंमतीसाठी लगेच जात नाही, चार आठवडे थांबते. त्या काळात सरकारी विधिअधिकारी ते सर्वोच्च न्यायालयात नेऊ शकतात, किंवा स्कॉटलंड खात्याचे ब्रिटिश मंत्री १९९८च्या अधिनियमाचे कलम ३५ वापरून ते रोखू शकतात. हे कलम जवळजवळ पाव शतक कोणी वापरले नव्हते. लिंगओळख बदलण्याची पद्धत सोपी करणारे विधेयक मध्यरात्र उलटून चाललेल्या बैठकांनंतर २२ डिसेंबर २०२२ रोजी ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाले, आणि १७ जानेवारी २०२३ रोजी, चार आठवडे भरत आले असताना, रोखण्याचा आदेश निघाला. स्कॉटलंड सरकार न्यायालयात गेले, डिसेंबर २०२३ मध्ये हरले, आणि त्याने अपील केले नाही. सभागृहाने मंजूर केलेले ते विधेयक राजसंमतीवाचून तसेच पडून राहिले.