फ्यूजबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

"फ्यूज बॉक्स ड्रायव्हरच्या बाजूला, डॅशबोर्डखाली असतो. तार तुटलेली दिसली तरच फ्यूज उडालाय. त्याच रंगाचा नवा लावा. नसेल तर जास्त अँपिअरचा चालतो, तोही नसेल तर चॉकलेटची चांदी गुंडाळा." हा मेसेज ग्रुपांवर सारखा फिरतोय आणि लोक तो जपून ठेवताहेत, म्हणून एकेक वाक्य घेतो.

जागा. बहुतेक गाड्यांत किमान दोन बॉक्स असतात: एक केबिनमध्ये, दुसरा बोनेटखाली बॅटरीजवळ. बीएमडब्ल्यूच्या ई९० मालिकेत केबिनमधला बॉक्स ग्लोव्ह बॉक्सच्या मागे आहे आणि बॅटरी डिकीत. अमेरिकेतले व्हिडिओ बघून शोधाल, तर त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो हेही लक्षात असू द्या. आधी मॅन्युअल उघडा. बोनेटखालच्या बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही बहुधा नकाशा छापलेला असतो.

तार. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. पातीच्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात. चावी ऑन करून, ते सर्किट चालू ठेवून टेस्ट लॅम्पची (वायर आणि क्लिप असलेला छोटा तपासणी दिवा) क्लिप गाडीच्या उघड्या धातूला लावा आणि टोक आळीपाळीने दोन्ही ठिपक्यांना टेकवा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज चांगला, एकीकडेच पेटला तर उडालेला. फ्यूज उपसायचीही गरज नाही.

रंग. पातीच्या फ्यूजमध्ये लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. पण बोनेटखालच्या चौकोनी जे-केस फ्यूजमध्ये हिरवा ४० चा असतो. डोक्यावरचा आकडा वाचा.

आता सगळ्यात घातक वाक्य. फ्यूज राखतो तो वायरला. १५ च्या वायरमधून ३० अँपिअर गेले, तर उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. लाइटर सॉकेटवर टायरचा पंप चालवून फ्यूज वारंवार उडतो म्हणून ३० चा ठोकलेली एक गाडी मी उघडलेली पाहिली आहे. फ्यूज अगदी शाबूत होता. मागच्या वायरचं प्लास्टिक मात्र आक्रसून तांबं उघडं पडलं होतं आणि शेजारच्या दोन वायरी तिला चिकटल्या होत्या. चांदी गुंडाळली की तर मर्यादाच उरत नाही, मग वायर हाच फ्यूज. भर पावसात घाटात वायपर बंद पडला, तर रेडिओचा किंवा सॉकेटचा त्याच आकड्याचा, त्याच मापाचा फ्यूज काढून लावा. तोही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा मोटर जाम आहे. तिसरा लावू नका, गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: डॅशबोर्डखाली हात घालताना पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले, तर तिथे टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका. ते बहुधा एअरबॅगचे असतात.