तंबाखूचं गिऱ्हाईक बार्नमध्ये ठरतं

अमेरिकेतल्या तंबाखूचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच कुणीतरी लिहितं, "एवढं विषारी पीक घेतातच कशाला? दुसरं काहीतरी लावा की." मला हा सल्ला फार घाईचा वाटतो. तिथे तंबाखू हे एकच पीक नाही, हेच आपण लक्षात घेत नाही. रोप तेच, शास्त्रीय नाव निकोटियाना टॅबॅकम. पण नॉर्थ कॅरोलायनात आणि केंटकीत त्याला खत वेगळं, त्याची तोडणी वेगळी, सुकवण वेगळी आणि गिऱ्हाईकही वेगळं.

तरवा मात्र दोन्हीकडे सारखाच. बी इतकं बारीक की एका ग्रॅमात दहा हजारांच्या आसपास दाणे बसतात, म्हणून मातीचा लेप देऊन त्याच्या गोळ्या करतात. हरितगृहात खत घातलेल्या पाण्यावर थर्माकोलचे ट्रे तरंगत ठेवतात आणि साधारण 50 ते 60 दिवसांत रोपं लावणीला येतात. मधल्या काळात खोडं जाड आणि एकसारखी व्हावीत म्हणून शेंडे दोन-चार वेळा कापतात. कापायचं पातं निर्जंतुक केलं नाही, तर एका रोपाचा मोझॅक हा विषाणूरोग सगळ्या ट्रेमध्ये पसरतो.

शेतात गेल्यावर वाटा फुटतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या व्हर्जिनिया नावाच्या प्रकारच्या तंबाखूला एकरी 50 ते 80 पौंडच नत्र देतात, कारण तोडणीच्या वेळेपर्यंत ते संपत यायला हवं. नत्र जास्त झालं तर पान पिकत नाही, हिरवंच राहतं आणि भट्टीत कितीही काळजी घेतली तरी सुधारत नाही. केंटकीतल्या बर्ली या प्रकाराला याच्या दुप्पट-तिप्पट नत्र लागतं. पालाश देताना म्युरेट ऑफ पोटॅश या खताला हात आखडता घेतात, कारण त्यातलं क्लोराइड पानात साठलं की पान ओल धरतं आणि नीट जळत नाही. कळी दिसली की शेंडा खुडतात. निकोटीन मुळांत तयार होऊन पानांत चढतं. शेंडा खुडला की ते वाढतं आणि पानही जाड होतं. पण मग प्रत्येक पानाच्या बेचक्यातून बगलफूट निघते. ती औषधाने किंवा हाताने आवरली नाही, तर शेंडा खुडल्याचा फायदा निघून जातो.

खरी कसोटी सुकवणीत. व्हर्जिनियाची पानं खालून वर, जशी पिकतील तशी टप्प्याटप्प्याने तोडतात आणि गॅसवर तापणाऱ्या बंद बार्नमध्ये, म्हणजे सुकवणीच्या कोठारात, भरतात. आधी 35 ते 40 अंश सेल्सिअसला, भरपूर दमटपणात, पान पिवळं होऊ देतात. या वेळी पान जिवंत असतं आणि त्यातल्या स्टार्चची साखर होत असते. मग हवा खेळती करून हळूहळू 57 अंशांपर्यंत जातात, तेव्हा पानाचं पातं सुकतं. शेवटी 74 अंशांच्या आत ठेवून मधली शीर वाळवतात. सगळे मिळून सहा ते आठ दिवस. लवकर सुकवलं तर हिरवा रंग कायमचा बसतो. ओल असताना उष्णता वाढवली तर पान करपल्यासारखं काळं पडतं. ही साखरेची सोनेरी पानं सिगारेटमध्ये जातात, त्यांतली बरीच परदेशात. या पद्धतीचं श्रेय 1839 साली कॅसवेल काउंटीत कोळशाची धग देणाऱ्या स्टीफन नावाच्या गुलामाला दिलं जातं. हे नाव मुद्दाम सांगावंसं वाटतं.

बर्ली याच्या उलट. अख्खं झाड बुंध्याशी कापतात, साडेचार फुटी काठीच्या टोकाला टोकदार लोखंडी टोपी लावून पाच-सहा झाडं काठीवर ओवतात आणि काठ्या उंच लाकडी बार्नमध्ये मजल्यामजल्याने टांगतात. इथे आग नाही, फक्त वारा. सहा ते आठ आठवडे लागतात आणि तेवढ्यात पान आपलीच साखर संपवून टाकतं. म्हणूनच कारखान्यात साखर, कोको, ज्येष्ठमध घातलेलं पाणी हे पान भरपूर शोषतं, आणि अमेरिकन सिगारेटच्या मिश्रणात बर्ली त्यासाठीच हवी असते. हवा फार दमट राहिली तर पान टांगल्या जागी कुजतं. फार कोरडी पडली तर डागाळतं. उतरवायलाही दमट दिवसाची वाट पाहावी लागते, नाहीतर पान पापडासारखं मोडतं.

पश्चिम केंटकी आणि टेनेसीतली काळी तंबाखू ओक-हिकरीच्या धुमसत्या लाकडांवर आणि भुशावर धुरवतात. ती मुख्यतः ओठात धरायच्या ओल्या तंबाखूत जाते. कनेक्टिकटमध्ये कापडी मांडवाखाली पातळ पान वाढवायची जुनी पद्धत, ते सिगारच्या बाहेरच्या वेष्टनासाठी.

निपाणीकडे बिडीचा तंबाखू उन्हात वाळतो. अमेरिकेत बार्न लागतो, आणि तिथेच शेतकरी अडकतो. बार्न दुसऱ्या कुठल्या पिकाला फारसा कामाचा नाही आणि त्या पद्धतीचं पान घेणारे खरेदीदार मोजकेच. कुणी किती तंबाखू विकायचा हे सरकारने ठरवून देण्याची 1938 पासूनची कोटा पद्धत 2004 च्या कायद्याने संपली. भरपाई म्हणून कोट्याच्या मालकाला पौंडामागे 7 डॉलर, प्रत्यक्ष पिकवणाऱ्याला 3 डॉलर, दहा वर्षांत हप्त्यांनी मिळाले. 2002 च्या कृषी गणनेत तंबाखूची सुमारे 57 हजार शेतं होती, 2017 मध्ये सहा हजारांच्या आसपास उरली. उरलेले कंपन्यांच्या करारावर आहेत आणि पानाची प्रत खरेदीदार ठरवतो. माझ्या मते त्या पैशांबरोबर बार्न बदलायला, नव्या पिकाची बाजारपेठ उभारायला ठोस मदत बांधून द्यायला हवी होती.

आणि मजुरांचं काय? बर्ली कापणं, ओवणं, टांगणं बहुतेक हातानेच होतं. दवात किंवा पावसात भिजलेल्या पानावरचं निकोटीन कातडीतून अंगात जातं. मळमळ, उलट्या, चक्कर सुरू होते. तिथे याला हिरव्या तंबाखूचा आजारच म्हणतात. अमेरिकेत 2019 च्या डिसेंबरपासून 21 वर्षांखालच्या माणसाला सिगारेट विकता येत नाही, पण पालकांची संमती असेल तर 12 वर्षांचं मूल शाळेच्या वेळेबाहेर याच ओल्या पानांत मजुरी करू शकतं. संघीय कायदाच तशी मुभा देतो. दव उतरेपर्यंत कुणालाच शेतात पाठवू नये, पाठवायचंच तर रेनकोट आणि हातमोजे मालकाने द्यावेत, आणि 18 वर्षांखालच्या कुणालाही हिरव्या पानाला हात लावू देऊ नये. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा बार्न बांधावा लागत नाही.