पाचशेच्या तिकिटाने गडावरची गर्दी हटणार नाही

पावसाळा लागला की हा मेसेज फिरायला लागतो: "कळसूबाई, हरिश्चंद्रगड, सगळीकडे माणशी ५०० रुपये तिकीट लावा. हौशेगवशे घरी बसतील, कचरा थांबेल, पैशातून जंगल सुधारेल." तळमळ खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे.

"हौशेगवशे घरी बसतील." कोण बसेल ते बघा. मुंबई-पुण्याहून चौघे गाडी घेऊन येतात तेव्हा पेट्रोल, टोल आणि जेवणातच काही हजार जातात. पाचशेपायी त्यांचा बेत रद्द होत नाही. होतो तो एसटीने येणाऱ्या कॉलेजच्या पोरांचा. शिवाय कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावर देवीचं देऊळ आहे. नवरात्रात अकोले तालुक्यातल्या बायका तिथं दर्शनाला चढतात. त्यांच्यापुढे पावतीपुस्तक धरायचं?

आणि खोळंबा होतो तो कळसूबाईच्या वाटेवरच्या लोखंडी शिड्यांपाशी. उतरणारे वर अडकतात, चढणारे खाली. तिथं उपयोगी पडते ती माणसांच्या संख्येची मर्यादा. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घातली गेली, ऑनलाइन बुकिंग आलं. मर्यादा पाळली की खिसा जड असलेल्यालाही दुसरा दिवस बघावा लागतो. हे मला न्याय्य वाटतं.

"कचरा थांबेल." कशाने? पायथ्याला बाटल्या मोजून अनामत घ्या, उतरताना बाटली दाखवली की परत द्या. महाग तिकिटापेक्षा हे कामाचं आहे.

"पैशातून जंगल सुधारेल." पैसा त्याच जागी राहिला तर. अमेरिकेत २००४ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानांच्या शुल्काचा साधारण ८० टक्के भाग जिथे जमा होतो तिथेच खर्च होतो. तरीही २०१७ मध्ये १७ राष्ट्रीय उद्यानांत गर्दीच्या हंगामात गाडीमागे ७० डॉलर घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा लाखाहून जास्त लोकांनी मतं कळवली. २०१८ मध्ये तो मागे घेऊन थोडीच वाढ केली गेली.

सगळं फुकट करा असं मी म्हणत नाही. वाटा, रेलिंग, राखणदार यांना पैसा लागतोच. गाडीवर जास्त घ्या, माणसावर कमी, स्थानिकांना माफ करा. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीत आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईत फलक लावून दर महिन्याला किती जमले, कशावर गेले ते लिहा. पहिला खर्च पायथ्याच्या स्वच्छतागृहांवर करा.