‘पाण्यात न दिसणारा दोरा’ : एका फिरत्या निरोपाला उत्तर

एप्रिलात हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशांसाठी गळ टाकायला जायचं ठरलं, की आमच्या वडोद्याच्या ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो. यंदा तो तिघांनी पाठवला, त्यांतला एक माझाच आतेभाऊ. निरोप असा: ‘टिपेट घ्यायचं तर फ्लोरोकार्बनचंच. ते पाण्यात दिसत नाही आणि नायलॉनपेक्षा नेहमी मजबूत असतं. क्लिंच गाठ दोऱ्याची शंभर टक्के ताकद राखते. वेढे जितके जास्त तितकी ती पक्की. थुंकी लावणं ही जुन्या लोकांची अंधश्रद्धा. गाठीला हाताने झटका द्या, टिकली तर मासाही टिकेल. पैसे वाचवायचे तर उत्तरायणाचा नायलॉन मांजाही चालतो.’ खाली जोडलेले हात आणि एक मासा.

नवख्यांसाठी एवढंच सांगते, की जाड मुख्य दोरीपुढे निमुळता होत जाणारा दोरा असतो तो लीडर, आणि टिपेट म्हणजे त्या लीडरच्या टोकाला जोडलेला सगळ्यांत बारीक दोरा. फ्लोरोकार्बन हे नायलॉनसारखंच दोऱ्याचं एक प्लास्टिक. टिपेटला माशी बांधतात, म्हणजे पिसं-लोकर गुंडाळून कीटकासारखा केलेला गळ. ती बांधायची एक गाठ म्हणजे क्लिंच.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण त्यात बोट कापायची सोय आहे. नायलॉन मांजावर काचेची किंवा धातूची पूड बसवलेली असते. गाठ आवळताना दोरा स्वतःवरच घासतो, तेव्हा ही पूड दुसऱ्याच्या पतंगाआधी आपलीच गाठ कापते. शिवाय २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली आहे. दर जानेवारीत गुजरातेत जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालवावं लागतं, आणि आपण तोच दोरा नदीत नेऊन सोडायचा?

आता ‘दिसत नाही’. यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच ही समजूत जात नाही. प्रकाश किती वळतो ते सांगणारा अपवर्तनांक पाण्याचा १.३३, फ्लोरोकार्बनचा साधारण १.४२, नायलॉनचा साधारण १.५३. आकडे जितके जवळ तितकी कड पुसट. इथल्या सयाजीराव विद्यापीठात शिकताना आम्हाला पायरेक्सची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवून दाखवली होती. दोघांचा अंक १.४७च्या आसपास, म्हणून कांडी खरोखर नाहीशी झाली. पण १.४२ आणि १.३३ यांत तेवढी जवळीक नाही. फ्लोरोकार्बन कमी दिसतं, एवढंच म्हणता येईल. शिवाय तरंगती माशी टाकतो तेव्हा टिपेट पाण्याच्या वर पडलेलं असतं. तिथे माशाला दोऱ्यापेक्षा दोऱ्याने दाबलेली पाण्याची वरची साय आणि उथळ तळावर पडलेली तिची सावली दिसते. त्याला अपवर्तनांक काय करणार? याच्या उलट अफवाही फिरते, की फ्लोरोकार्बन जड म्हणून माशी बुडवतं. त्याची घनता १.७८च्या आसपास आणि नायलॉनची १.१४ हे खरं, पण ५एक्स जाडीच्या वीतभर दोऱ्याचं वजन ते किती! मी तरंगत्या माशीला नायलॉनच लावते, ते मऊ असल्यामुळे माशी प्रवाहाबरोबर मोकळी वाहते म्हणून.

‘नेहमी मजबूत’ हे कशाच्या तुलनेत? ५एक्स हा ताकदीचा आकडा नव्हेच, तो जाडीचा आहे. अकरातून पाच वजा केले की उरतात सहा, म्हणजे ०.००६ इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर. रेशीमकिड्याच्या ग्रंथीपासून काढलेली तात साच्यातून ओढून बारीक करत, त्या काळापासून ही मोजणी चालत आलेली आहे. दोन कंपन्यांच्या ५एक्स रिळांवर वेगवेगळे किलो छापलेले असतात, आणि एखाद्याचा ‘५एक्स’ मायक्रोमीटरखाली चक्क ४एक्स निघतो. तेव्हा तुलना मोजलेल्या जाडीवर करायची. तशी केली तर कोरडं चांगलं नायलॉन मागे पडत नाही, पुष्कळदा पुढेच असतं. फ्लोरोकार्बनची खरी जमेची बाजू वेगळी आहे. ते पाणी पीत नाही. नायलॉन पितं, नायलॉन-६ तर वजनाच्या नऊ टक्क्यांपर्यंत, आणि भिजल्यावर थोडं कमजोर होतं. दगडांवर घासलं गेलं तर फ्लोरोकार्बन जास्त तग धरतं. पण ते ताठ असतं, आणि ताठ दोऱ्याची गाठ बसवायला कौशल्य लागतं.

म्हणून खरा मुद्दा गाठीचा. मामा मला लहानपणी दांडिया बाजारातल्या गच्चीवर फिरकी धरायला उभं करायचे आणि एकच ताकीद द्यायचे, गाठीचा दोरा पेचात घालू नकोस. तुटलेला दोरा जोडून ढील दिली, की पुन्हा तुटायचा तो गाठीशीच. दोरा गाठीत वाकतो, स्वतःलाच चिमटतो, सगळा ताण तिथे एका बिंदूवर येतो. साधी क्लिंच शंभर टक्के राखते हे मामांना पटलं नसतं, मलाही पटत नाही.

जास्त वेढ्यांचंही तसंच. बारीक टिपेटला क्लिंचचे पाच वेढे ठीक. जाड दोऱ्याला तेवढे दिले तर ते एकावर एक चढतात, शेवटपर्यंत आवळत नाहीत, आणि न बसलेली गाठ निसटते. जाड दोऱ्याला वेढे कमी करायचे असतात. निरोप नेमका उलट शिकवतो.

थुंकीबद्दल भांडायचीही गरज नाही. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने दोरा तापतो आणि प्लास्टिक उष्णतेने बिघडतं. ओठाला लावा किंवा नदीत बुडवा, ओली झाल्याशी कारण. तातीच्या काळात तर ती आधी भिजवून मऊ केल्याशिवाय गाठच मारता येत नसे.

राहिली ‘झटका देऊन बघा’ ही परीक्षा, आणि माझं खरं भांडण हिच्याशीच आहे. हाताचा झटका दर वेळी वेगळा असतो, आकडा काहीच देत नाही. आमच्याकडे बॅगा तोलायचा डिजिटल काटा आहे, लटकवायचा. मी आधी बिनगाठीचा दोरा मोजते. दोन्ही टोकं दोन गुळगुळीत स्टीलच्या नळ्यांवर आठ-दहा वेढे गुंडाळून ओढायची, म्हणजे तो मध्येच तुटतो आणि दोऱ्याची स्वतःची ताकद कळते. मग त्याच रिळाचा तुकडा पाण्यात भिजवून, टोक मोडलेल्या गळाला गाठ मारून, सावकाश ओढायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच, गळ गोळीसारखा सुटतो. एकच गाठ दहा वेळा, नवा दोरा घेऊन. दोन गाठींत निवड करायची असेल तर काटाही नको. एका तुकड्याच्या दोन टोकांना दोन वेगळ्या गाठी मारायच्या आणि ओढायचं. जी हरेल ती हरली, पण हेही दहा वेळा.

तुटलेलं टोक टाकून देऊ नका. कुरळं झालेलं शेपूट म्हणजे गाठ निसटली, चूक तुमच्या बोटांची. गाठीशी सरळ तुटलं तर दोऱ्याने आपलं काम केलं. मध्येच तुटलं तर तिथे आधीच ओरखडा होता.

या उद्योगातून मी गाठीची सरासरी बघायचं सोडून दिलं. पहिल्या वर्षी घाईत मारलेल्या क्लिंचचे आकडे कुठल्या कुठे विखुरले होते. एखादा इतका चांगला की मी हुरळले, आणि पुढचाच लाजिरवाणा. माशी बांधायचीच दुसरी एक गाठ म्हणजे डेव्ही. सावकाश ओली करून बसवलेल्या डेव्हीचा कमाल आकडा त्याहून खाली होता, पण किमान आकडा बराच वर. नदीवर माशाला नेमकी कुठली गाठ भेटेल हे आपल्या हातात नसतं. म्हणून मी दहांतली सर्वांत वाईट गाठ बघते आणि तीवरून निवड करते. थंडीत बोटं आखडलेली असताना डेव्ही पटकन जमते हाही फायदा. कुणाला क्लिंचच्या वाईट दिवसाचा आकडा माझ्या डेव्हीपेक्षा चांगला मिळत असेल, तर त्याने खुशाल क्लिंच मारावी.

लीडरला टिपेट जोडण्याबद्दल निरोपात अवाक्षर नाही. जाडीत फरक जास्त असेल तर सर्जन्स गाठ, दोन्ही दोरे जवळपास सारखे असतील तर ब्लड गाठ. नायलॉनला फ्लोरोकार्बन जोडायचं असेल तर ती जोडगाठही काट्यावर तपासा, तिथे मी दोनदा फसले आहे.

कापलेली शेपटं मी काडेपेटीत घालून परत आणते. फ्लोरोकार्बनला ऊन-पाणी फारसं काही करत नाही, ते पडेल तिथे पडून राहतं. नायलॉन मात्र उन्हाने म्हातारं होतं, म्हणून रिळावर महिना-वर्ष लिहून ठेवते. गेल्या वर्षीचं नायलॉन सकाळी पोलो ग्राउंडवर माशी फेकायच्या सरावाला. माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधलेला असतो, आणि गाठ निसटली तर फिरायला आलेले आजोबा तो शोधून आणून देतात.