'एकाच घराण्याचा मतदारसंघ' म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

तापीकाठचा भाऊ, नमस्कार.

जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगर मतदारसंघावरच्या माझ्या लेखाखाली तुमची कमेंट वाचली. खरं तर सोडून देणार होतो, पण खाली बऱ्याच जणांनी अंगठे दिलेले बघितले आणि म्हटलं आता गप्प बसलो तर लोकांना वाटेल याच्याकडे उत्तरच नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी कमेंट इथे जशीच्या तशी देतो:

"एकाच घराण्याचा खासगी मतदारसंघ, त्याचा कसला आलाय इतिहास? आकडे सगळे गुगलवरून उचललेत, लेखकाने गावात कधी पाय ठेवलेला दिसत नाही. 2009 ला सीमा बदलल्या, मग आधीची आणि नंतरची लीड एकाच तराजूत कशी तोलता? बोदवडला दोन ओळी. केळीचं नाव नाही. आणि प्रतिभाताईंना उगाच डोक्यावर घेतलंय."

आता पहिली गोष्ट. मतभेद असू द्या, माझं काही म्हणणं नाही. आपल्याकडे पारावर बसलं की सख्खे भाऊसुद्धा निवडणुकीवरून हमरीतुमरीवर येतात आणि संध्याकाळी एकाच ताटात भरीत-भाकरी खातात, हे मी लहानपणापासून बघतोय. पण 'गावात कधी पाय ठेवलेला दिसत नाही' हे कशावरून? मला ओळखता का तुम्ही? मी नाशिकला राहतो म्हणून? पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या माणसाने गावाबद्दल लिहायचंच नाही असा नियम केला तर अर्धा जळगाव जिल्हा मुका होईल. आणि हे मला सांगतंय कोण, तर टोपणनावाआड बसलेला माणूस, ज्याने स्वतःचं गाव सांगितलेलं नाही.

तरी विचारलंच आहे तर ऐका. माझं बालपण कुऱ्हा-काकोड्याला गेलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, म्हणजे निवडणूक आली की ड्युटी ठरलेली. तेव्हा मशीन नव्हतं, पेट्या होत्या, पत्रिका होत्या, बाणफुलीचा शिक्का होता. आदल्या दिवशी सामान घेऊन जायचं, रात्री शाळेच्याच फरशीवर झोपायचं, आणि मतदान संपलं की पेटीला सुतळी बांधून मेणबत्तीवर लाख वितळवून सील करायचं. वडिलांच्या उजव्या हाताच्या बोटांवर त्या लाखेचे चटके असायचे, आई खोबरेल लावताना तोंडाचा पट्टा सोडायची की सरकारला दुसरं कोणी भेटत नाही का. कोणत्या गावाने किती रांग लावली, कुठे बायका आधी आल्या, कुठे दुपारपर्यंत चिटपाखरू नव्हतं हे सगळं घरी जेवताना निघायचं. गुगलवर लाखेचा वास येत नाही भाऊ. आणि राहिला प्रश्न आकड्यांचा, तर ते निवडणूक आयोगाच्या निकालात असतात आणि सगळ्यांना सारखेच दिसतात, मी काय घरी बसून वेगळे छापायचे का?

आता त्या 'एकाच घराण्याचा' (म्हणजे एकनाथ खडसेंच्या) वाक्यावर येतो, कारण ते वाक्य मी लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या लायनीत इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

1967 ला एदलाबाद, म्हणजे आजच्या मुक्ताईनगर, मतदारसंघातून प्रतिभाताई पाटील निवडून आल्या. त्याआधी 1962 ला जळगावातून आल्या होत्या, वय 27. मग 1972, मग 1978, मग 1980, म्हणजे एदलाबादला लागोपाठ चार वेळा. 1978 चं वर्ष आठवतं का? आणीबाणी नुकतीच संपलेली, काँग्रेसचे दोन तुकडे झालेले, राज्यात सगळ्यात जास्त जागा जनता पक्षाच्या, आणि तरी इथली सीट ताईंनी राखली. 1979 ला विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या त्या याच एदलाबादच्या आमदार म्हणून. 1985 ला त्या राज्यसभेवर गेल्या. त्यांचं आणि खडसेंचं घराणं एक आहे का? नाही ना? मग पहिली अठरा वर्षं तुमच्या हिशोबातून तिथेच गेली. 85 ते 90 ही टर्म तर दोघांचीही नाही.

1990 ला एकनाथ खडसे पहिल्यांदा आले. ते कोथळीचे, मुक्ताईच्या देवळाच्या गावचे, सरपंचकीपासून सुरुवात केलेले. आज लोकांना वाटतं ते जन्मतःच आमदार होते. नव्हते हो. ज्या तालुक्याने इतकी वर्षं काँग्रेस बघितली तिथे कमळावर निवडून येणं तेव्हा सोपं नव्हतं. आणखी एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही, मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं ते 1989 ला, म्हणजे 1990 ची विधानसभा ही अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांची पहिलीच विधानसभा. आमच्या मोठ्या चुलतभावाने त्याच वर्षी पहिलं मत टाकलं आणि बोटाची शाई जाऊ नये म्हणून दोन दिवस त्या हाताला साबण लावला नाही, काकूने बदडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. नुसत्या पोरांनी सीट फिरवली असं मी म्हणत नाही. पण ज्यांना मागच्या निवडणुकीत मतच नव्हतं असे दोन-तीन वर्गांतले मुलगे-मुली एकदम यादीत आले, ते मोजायचेच नाहीत का?

मग 1995, 1999, 2004, 2009, 2014. लागोपाठ सहा टर्म. युतीच्या काळात अर्थ आणि पाटबंधारे अशी खाती, 2009 पासून विरोधी पक्षनेते, 2014 ला महसूलमंत्री. आणि हो, घरात पदं आली हे मी मूळ लेखात स्पष्ट लिहिलंय, सून रक्षाताई 2014 पासून रावेरच्या खासदार, हे लपवायचं काय कारण? पण पद घरात येणं आणि मतदारसंघ खिशात असणं यात फरक आहे, आणि तुम्ही तो करायलाच तयार नाही.

खिशातला मतदारसंघ कसा असतो सांगू? तिथे लीड कमी होत नाही. इथे 2014 ला काय झालं? युती तुटली हे जाहीर केलं खुद्द खडसेंनी आणि त्यांच्याच विरोधात शिवसेनेकडून चंद्रकांत पाटील उभे राहिले. राज्यात मोदी लाट, समोर मुख्यमंत्रिपदाच्या चर्चेतला माणूस, आणि फरक किती? दहा हजारांच्या आत. त्या रात्री मुक्ताईनगरात फटाके वाजले पण ज्यांना गणित कळतं ते गप्प होते. जून 2016 ला मंत्रिपदाचा राजीनामा. 2019 ला पक्षाने नाथाभाऊंना, म्हणजे खडसेंना, तिकीट दिलंच नाही, मुलगी रोहिणीताईंना दिलं. चंद्रकांत पाटील बंडखोर म्हणून अपक्ष, राष्ट्रवादीने आपला उमेदवार मागे घेऊन त्यांना पाठिंबा दिला, आणि निकाल? 1,957 मतांनी रोहिणीताई पडल्या. एकोणतीस वर्षांची सत्ता दोन हजारांच्या आतल्या मतांनी गेली. 2024 ला त्याच दोघांत पुन्हा लढत, ताई तुतारीवर, पाटील शिंदेंच्या धनुष्यबाणावर, आणि या वेळी फरक 23 हजारांच्या वर. ज्या घराचं नाव घेऊन तुम्ही सगळा इतिहास निकालात काढता त्या घरात आज सून भाजपची केंद्रीय राज्यमंत्री आणि मुलगी शरद पवारांच्या पक्षात. याला तुम्ही 'खासगी' म्हणत असाल तर तुमचा शब्दकोश वेगळा आहे, मी काय करू.

खरं सांगू का, 'एकाच घराण्याचा' म्हणण्यात एक सोय असते. सगळं त्या घरावर ढकललं की मतदाराला काही विचारावंच लागत नाही. ज्या बायकांनी प्रतिभाताईंना मत दिलं त्यातल्याच कित्येकींनी पुढे कमळावर शिक्का मारला, माझी मोठी आई त्यातलीच. तिला विचारलं का गं असं, तर म्हणाली ताई आता दिल्लीला, इथे दारात येतो तो आपला. तिला तुम्ही कोणाच्या खिशात घालणार?

'डोक्यावर घेतलंय' बद्दल एवढंच, की प्रतिभाताईंचा जन्म नाडगावचा, याच मतदारसंघातल्या बोदवडच्या शेजारचं. बाहेरून आणून बसवलेलं पार्सल नव्हतं ते. पुढे 2007 ला राष्ट्रपती झाल्या हे मी लेखात एका ओळीत संपवलंय, डोक्यावर घेणारा माणूस एका ओळीत संपवत नाही.

बोदवडला दोन ओळी दिल्या, हे मान्य. मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. बोदवड कायम टँकरचं आणि केळीच्या पट्ट्याला चिकटून असूनही कोरडं, तिथल्या उपसा सिंचन योजनेची वाट बघण्यात एक पिढी म्हातारी झाली, त्यावर जास्त लिहायला हवं होतं. पण त्यासाठी 'कधी पाय ठेवलेला दिसत नाही' म्हणायची गरज नव्हती. साधं 'बोदवडवर अजून लिहा' म्हटलं असतं तर मी त्याच दिवशी लिहायला बसलो असतो.

सीमांचं म्हणाल तर त्या सगळ्यांच्याच बदलल्या. 1978 ला बदलल्या, 2009 ला बदलल्या, शेजारचा यावल मतदारसंघ तर नकाशावरूनच गेला, आपला निदान नाव बदलून शिल्लक राहिला. खासदारकीला आपण विदर्भातल्या मलकापूरबरोबर मत देतो, त्याचंही कोणाला काही वाटत नाही. लीडची तुलना कशी करता हा प्रश्न प्राध्यापकांनी सोडवावा, हा ब्लॉग आहे, पीएचडी नाही. पुढे चला.

केळीचं विचारलंत. लेख मतदारसंघाच्या इतिहासावर होता, केळीवर नाही. अंतुर्लीच्या केळीबद्दल, करप्याबद्दल, पीकविम्याबद्दल मी आधी लिहिलंय, उजव्या बाजूला शोधायची जागा आहे तिथे 'केळी' टाइप करा. आणि तुमच्याखाली ज्या दुसऱ्या भाऊंनी हतनूर धरणाच्या फुगवट्यात गेलेल्या गावांचं विचारलंय त्यांचा प्रश्न चांगला आहे. एकेचाळीस दरवाजे पावसाळ्यात टीव्हीवर दिसतात, पण पाणी मागे सरकलं की कोणाचं शेत बुडतं आणि उठवलेल्या गावाचं बूथ नंतर कुठे लागतं हे दिसत नाही. त्यांना मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण त्यांनी नीट विचारलंय.

तुमची कमेंट मी उडवणार नाही, राहू द्या तिथेच. मात्र पुढच्या वेळी लिहाल तेव्हा आधी लेखातला 2014 चा भाग वाचा, तो तुम्ही वाचलेलाच नाही हे कमेंटवरून सरळ दिसतंय, आणि खाली खरं नाव नका टाकू हवं तर, पण निदान गाव टाका. पुरनाड फाट्याच्या अलीकडचे की पलीकडचे तेवढं कळलं तरी पुरे.