पोटवाला मग

भाचा अमेरिकेहून येताना चॉकलेटं आणेल असं वाटलं होतं. त्यानं मग आणला. मगावर थॉमस नास्टचं 1871 सालचं व्यंगचित्र. माणसं रिंगण करून उभी, खाली सवाल, 'लोकांचा पैसा कुणी चोरला?' आणि जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतोय. त्यात एक दाढीवाला, पोट पार मगाबाहेर आल्यासारखं. हा न्यूयॉर्कचा पुढारी ट्वीड. पुढे कैदेतून पळून स्पेनला पोचला, तर 1876 साली म्हणे नास्टच्या चित्रावरूनच ओळखू आला.

"असले ढेरपोटे माझ्या कपबशांत नकोत," बायको म्हणाली. म्हणून मग गेला ऑफिसात.

आमचं ऑफिस सिव्हिल लाइन्समध्ये. डिसेंबर, अधिवेशन तोंडावर, जिकडेतिकडे रंगरंगोटी. आणि रिंगणाची गंमत अशी की मग कसाही ठेवा, कुणावर तरी बोट जातंच. कान उजवीकडे केला की लेखापालांवर; डावीकडे केला की पोट थेट साहेबांच्या केबिनकडे. दिवसभर मी मगच फिरवत होतो. (फायली नाहीतरी फिरतातच.)

चपराशी म्हणाला, "बाप्पा! हे तं बडेबाबू दिसून राहिले!" बडेबाबूंना त्यात लेखापाल दिसले, लेखापालांना ठेकेदार. मी ट्वीडचा इतिहास सांगितला, तर प्रश्न आला, "मतदारसंघ कोणता जी त्यांचा?"

मग साहेबांनी बोलावलं. मगासकट. मी मनातल्या मनात गडचिरोलीसाठी मच्छरदाणी बांधली. साहेबांनी मग डोळ्यांजवळ नेला आणि खो खो हसले. "अहो, हे तर माझ्या आधीचे! हुबेहूब! राहू द्या इथंच, पेनं ठेवायला होईल."

अधिवेशन आटोपल्यावर मग मागायला गेलो, तर ट्वीडच्या पोटावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकलेला.

"डेडस्टॉकात चढवला न भाऊ," बडेबाबू म्हणाले. "मग, चिनी मातीचा, नग 1."

"अहो, पण तो माझा आहे!"

"बिल हाय काय?"

भाच्याला फोन केला. बिल त्यानं तिकडेच फेकलं होतं.

काल सगळे गेल्यावर मग पिशवीत घातला आणि निघालो. फाटकावर चौकीदारानं अडवलं. "पिशवीत काय नेऊन राहिले जी?"

काही सुचेना. मी अंगठ्यानं मागे साहेबांच्या केबिनकडे दाखवलं.