सुभेदारांचे पाय धरताना

लहानपणी माझं अक्षर पाहून मास्तर विचारायचे, "हे काय, कोंबडीचे पाय?" खरे कोंबडीचे पाय मी तेव्हा नीट पाहिलेच नव्हते. आता रोज संध्याकाळी वीस मिनिटं मांडीवर घेऊन पाहतो. मास्तरांनी कोंबड्यांचा अपमान केला होता, एवढंच सांगतो.

आमच्या कोंबड्याचं नाव सुभेदार. एका सकाळी ते उजवा पाय टेकायचे आणि चटका बसल्यासारखा उचलायचे. मला वाटलं, ही नवी ऐट. दोन दिवस मी कौतुकाने पाहिली. पाखरं दुखणं लपवतात हे मला नंतर कळलं, आणि सुभेदारांच्या बाबतीत तर तुऱ्याचा प्रश्न होता. तिसऱ्या दिवशी ते एका पायावर उभे राहिले ते राहिलेच. पाय उलटून पाहिला, तर तळवा टम्म सुजलेला आणि मधोमध काळी खपली.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "बंबलफूट." तळव्याला कुठेतरी खरचटतं आणि तिथून स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू आत शिरतात. उंच दांडीवरून कडक जमिनीवर उड्या, ओला भुसा, जड अंग, सगळं त्याला हातभार लावतं. "वजन जरा जास्त आहे," असंही ते म्हणाले. कोणाकडे बघून, ते मी सांगणार नाही. कोंबड्याचा पू आपल्यासारखा वाहत नाही, आत घट्ट गोळा होऊन बसतो. तो पिळून निघत नाही, आणि घरी ब्लेड घेऊन बसायचं तर अजिबात नाही. डॉक्टरांनी तो काढला, औषध दिलं आणि उरलेलं काम माझ्या गळ्यात घातलं: कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून पाय शेकायचा, कोरडा करायचा, पोव्हिडोन आयोडीन लावायचं, पट्टी बांधायची. हातमोजे घालून, कारण हे जंतू माणसालाही सोडत नाहीत.

लंगडा कोंबडा पकडायला सोपा, असं ज्याला वाटतं त्याने एकदा येऊन पकडून दाखवावा. तीन दिवस मी अंगणभर धावलो. चौथ्या दिवशी अक्कल आली: कोंबड्यांना अंधारात धड दिसत नाही, तेव्हा दिवेलागणीनंतर दांडीवरून फळासारखा उतरवून घ्यायचा.

मग टॉवेल. डोळे झाकले की कोंबडा शांत होतो. पण छाती आवळायची नाही. पाखराला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वास ओढणारा पडदा, नसतं; छाती हललीच नाही तर श्वासच थांबतो. म्हणजे धरायचं घट्ट आणि दाबायचं नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात ना, पण झाकलेलं कोंबडंही गप्प राहत नाही. कोंबडा उजेडाची वाट न बघता अंगातल्या घड्याळावर आरवतो, हे जपानी संशोधकांनी २०१३ साली दाखवलं. सुभेदारांचं घड्याळ पायाबरोबर बिघडलं असावं. ते रात्री आठला आरवले, टॉवेलमधून, थेट माझ्या बगलेत.

पाय हाताला गरम लागला म्हणून मी एकदा घाबरून डॉक्टरांना फोनही केला. निरोगी कोंबड्याचं अंगच ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं म्हणे. दुसऱ्या पायाशी ताडून बघायचं असतं.

पट्टीची कथा वेगळी. पहिली त्यांनी रात्रीत सोडली. दुसरी मी इतकी आवळली की बोटं सुजली. तिसरी बोटांच्या मधून फिरवून झकास बसली, पण मी हौसेने लाल रंगाची आणली होती. लाल दिसलं की कोंबड्या टोचणार, हे मला कोण सांगणार? ज्या राण्यांना सुभेदार आयुष्यभर दाणे दाखवून बोलावत आले, त्या पाचही जणी त्यांच्या पायाला टोचत अंगणभर मागे लागल्या. पुढची पट्टी मातकट रंगाची.

आणि गंमत म्हणजे पाणी त्यांना आवडायला लागलं. पाय टबात गेला की पापण्या खालून वर मिटायच्या आणि मान माझ्या मनगटावर. वीस मिनिटांनी ते उठायचे ताजेतवाने, मी उठायचो लंगडत. बायको दारातून बघत म्हणाली, "अहो, माझ्या टाचांना दोन वर्षं भेगा पडल्यात. त्यांची कधी एवढी विचारपूस झाली नाही."

तीन आठवड्यांनी खपली गळली, सूज गेली. दांडी मी गुडघ्याच्या उंचीवर आणली, खाली कोरडा भुसा अंथरला. जुना टब फेकला. उरलेलं एप्सम सॉल्ट नव्या टबात ओतून बायकोला म्हटलं, "बस, टाचा बुडव." ती बसली, डोळे मिटले.

दोन मिनिटांत सुभेदार आले. चारही बोटं व्यवस्थित टेकत. टबाभोवती एक चक्कर मारली, तिच्या पायांकडे एकदा या डोळ्याने पाहिलं, एकदा त्या. मग काठावर चढून उभे राहिले आणि उजवा पाय माझ्याकडे उचलून धरला.